वर्ग असमानता सोडवणं

वर्गसमीकरणात जिथे बरोबरचं चिन्ह असतं तिथे <, >, ≤ किंवा ≥ आलं की झाली वर्ग असमानता, जसं क्ष² − ५क्ष + ६ < ०. समीकरणाला जास्तीत जास्त दोन उत्तरं असतात, इथे मात्र उत्तर म्हणून संख्यारेषेचा अख्खा तुकडा मिळतो, कधी दोन तुकडे, कधी सगळी रेषा, आणि कधी काहीच नाही. < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ च्या पुस्तकात छापली गेली, तो वारल्यावर १० वर्षांनी.

सगळं एका बाजूला आणायचं, दुसरीकडे शून्य, मग अवयव पाडायचे: (क्ष − २)(क्ष − ३) < ०. आता प्रश्न फक्त चिन्हाचा उरतो, गुणाकार ऋण कधी होतो? एक कंस धन आणि दुसरा ऋण असेल तेव्हाच. २ आणि ३ मुळे रेषेचे तीन भाग पडतात, प्रत्येकातला एकेक आकडा टाकून बघायचा. ० टाकला तर ६ येतात, ४ टाकला तर २, दोन्ही धन, आणि २.५ टाकला की −०.२५. म्हणून उत्तर २ < क्ष < ३. चिन्ह ≤ असतं तर २ आणि ३ पण आत धरायचे.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते समीकरणाची सवय इथे चालवल्यामुळे. क्ष² > ४क्ष दिसलं की हात आपोआप दोन्हीकडचा क्ष काढतो आणि क्ष > ४ लिहून मोकळा होतो. पण −१ टाकून बघा, १ > −४, खरंच आहे की! क्ष ऋण असेल तर भागताना चिन्ह उलटतं आणि क्ष चं चिन्ह तर आपल्याला माहीतच नसतं, त्यामुळे भागायचंच नाही, क्ष(क्ष − ४) > ० करायचं, उत्तर क्ष < ० किंवा क्ष > ४. तसंच क्ष² < ९ वरून क्ष < ±३ लिहिणं, त्याला काही अर्थच नाही, बरोबर उत्तर −३ < क्ष < ३.

अवयव पडत नसतील तर वर्गसमीकरणाच्या सूत्राने मुळं, म्हणजे राशी शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती, काढायची. विवेचक, म्हणजे त्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी, ऋण आला, जसा क्ष² + क्ष + १ मध्ये −३ येतो, तर आलेख क्ष-अक्षाला शिवतच नाही, आणि क्ष² चा सहगुणक धन असल्याने राशी कायम धन राहते, म्हणजे > ० विचारलं तर सगळ्या वास्तव संख्या, < ० विचारलं तर एकही नाही.

चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि गुरुत्वत्वरण १० धरलं तर ट सेकंदांनी उंची २०ट − ५ट² मीटर. तो १५ मीटरच्या वर किती वेळ असेल? २०ट − ५ट² > १५, सगळं एका बाजूला आणून −५ ने भागलं की चिन्ह उलटून ट² − ४ट + ३ < ०, म्हणजे १ < ट < ३, पूर्ण २ सेकंद.