ब्लॅक स्टार्ट

ग्रिड (विजेचे जोडलेले जाळे) पूर्ण कोसळल्यावर बाहेरची वीज न घेता वीजनिर्मितीचा एखादा संच चालू करणे आणि त्याच्या आधाराने बाकीचे जाळे पुन्हा उभारणे, याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात.

वीजकेंद्रालाही सुरू व्हायला वीज लागते. औष्णिक संचाचे फीड पंप, पंखे आणि कोळशाच्या मिल त्याच्या क्षमतेच्या ६ ते ९ टक्के वीज खातात. जलविद्युत संचाला जेमतेम एक टक्का पुरते. म्हणून सुरुवात बहुधा जलविद्युत केंद्रातून होते. डिझेल जनरेटरवर गव्हर्नरच्या (वेग नियंत्रकाच्या) तेलाचा दाब आणि यंत्र गार ठेवणाऱ्या पाण्याचे पंप चालतात, स्टेशन बॅटरीतून रोटरला (जनरेटरच्या फिरत्या भागाला) पहिले चुंबकत्व मिळते आणि पाण्याचे गेट उघडले की काही मिनिटांत संच पूर्ण वेग घेतो.

त्याआधी मेलेल्या सबस्टेशनमधले ब्रेकर उघडून, म्हणजे जोडणी तोडून, ठेवावे लागतात. एखादा चुकून जोडलेला राहिला, तर लाईनीत वीज येताच मागचा सगळा भार त्या एकट्या संचावर येऊन तो ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. हे काम सबस्टेशनच्या बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की ब्रेकरही हलत नाही आणि भार प्रेषण केंद्राशी (ग्रिडच्या नियंत्रण कक्षाशी) संपर्कही राहत नाही.

रिकामी लांब लाईन हा पुढचा धोका. ४०० केव्हीची लाईन दर १०० किमीमागे ५० एमव्हीएआरच्या आसपास रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण व्होल्टेज बदलणारी पॉवर; एमव्हीएआर हे तिचे एकक) निर्माण करते आणि टोकाचे व्होल्टेज चढते. म्हणून संचाचे व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवतात, ही पॉवर शोषणारे रिॲक्टर जोडतात, एकच सर्किट घेतात; शक्य असेल तिथे २२० केव्हीचा मार्ग धरतात.

मग भार. ढोबळ नियम असा, की चालू क्षमतेच्या ५ टक्क्यांहून मोठा भार एका वेळी घेऊ नये: १०० मेगावॉटच्या संचावर ५ मेगावॉट, मग वारंवारता ५० हर्ट्झजवळ स्थिरावेपर्यंत थांबायचे. इथेच घाई नडते. काही तास बंद असलेल्या फीडरवर (एखाद्या भागाला वीज पुरवणाऱ्या लाईनवर) फ्रीज, एसी आणि पंप एकदम ओढ घेतात, त्यामुळे भार नेहमीच्या दुप्पटही दिसू शकतो. ग्रामीण फीडरवर शेतीपंपांचे ऑटो स्विच यात भर घालतात: वीज येताच सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू. पहिला मान मात्र औष्णिक केंद्रांच्या स्वतःच्या गरजेचा, कारण टर्बाइन गार झाली की तिला पुन्हा चढवायला कित्येक तास जातात. अणुकेंद्रे, रेल्वे, रुग्णालयेही प्राधान्यात असतात. पण रेल्वेचा एकफेजी भार (तीनपैकी एकाच फेजवरचा) छोट्या बेटाचा, म्हणजे जाळ्याच्या नुकत्याच उभारलेल्या सुट्या तुकड्याचा, तोल बिघडवतो.

एका बेटात एकच संच वारंवारता धरतो, बाकीचे ड्रूपवर चालतात, म्हणजे वारंवारता घसरली की ठरलेल्या प्रमाणात निर्मिती वाढवतात. दोघांनी धरायचा प्रयत्न केला तर ते एकमेकांना ढकलत राहतात. दोन बेटे जोडताना वारंवारता, व्होल्टेज आणि फेज जुळवून सिंक्रोस्कोपचा (फेजमधला फरक दाखवणाऱ्या मीटरचा) काटा संथपणे घड्याळातल्या बाराच्या जागेजवळ आला की ब्रेकर जोडतात. दोन्हीकडच्या ऑपरेटरांनी भार प्रेषण केंद्राकडून कोड (परवानगीचा क्रमांक) घेतल्याशिवाय हे होत नाही.

शेजारचे ग्रिड टिकले असेल तर काम हलके होते. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळले, सुमारे ४८,००० मेगावॉट भार गेला. पण पश्चिम आणि दक्षिण ग्रिड उभे होते. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला आयलँडिंग (ग्रिडपासून तुटून शहराने स्वतःच्या निर्मितीवर चालणे) टिकले नाही: शहराचा भार आतल्या निर्मितीहून बराच जास्त होता. सकाळी दहाच्या सुमारास लोकल थांबल्या.