एस्टोनियाचे डिजिटल राज्यधोरण

एस्टोनियाचे डिजिटल राज्यधोरण : सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यावर एस्टोनिया या बाल्टिक देशाने कारभार, शिक्षण आणि उद्योग संगणकीय जाळ्यावर आणण्यासाठी केलेले कायदे, योजना व यंत्रणा. सरकारी नियोजनाकडून बाजाराकडे वळलेल्या देशांची चर्चा निघाली की हे उदाहरण हटकून दिले जाते. लोकसंख्या जेमतेम तेरा लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. तुलना करताना हे विसरून चालत नाही.

१९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा तिजोरी रिकामी होती. गावोगावी कचेऱ्या थाटून कारकून नेमणे परवडणारे नव्हते. १९९२ मध्ये पंतप्रधान झालेले मार्ट लार अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या सरकारने नवे चलन, खासगीकरण आणि १९९४ पासून सर्वांना एकाच दराचा प्राप्तिकर अशी पावले झपाट्याने टाकली. मात्र सगळेच शून्यातून उभे राहिले, ही समजूत खरी नाही. राजधानी तालिनमध्ये १९६० पासून सायबरनेटिक्स, म्हणजे संगणन व नियंत्रणशास्त्र, यांची संस्था होती. तिच्यातूनच निघालेल्या सायबरनेटिका कंपनीचा पुढच्या यंत्रणेत मोठा हात आहे. गणित जाणणारी माणसे सोव्हिएत काळातच तयार झाली होती.

सुरुवात शाळांपासून झाली. अमेरिकेतील तेव्हाचे राजदूत तोमास हेन्ड्रिक इल्वेस आणि शिक्षणमंत्री याक आविकसू यांनी पुढे आणलेली ‘टीग्रिह्यूपे’, म्हणजे वाघाची झेप, ही योजना राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी १९९६ मध्ये जाहीर केली. शाळांना संगणक, इंटरनेट जोडणी आणि शिक्षकांना प्रशिक्षण असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी बँकांनी इंटरनेटवरून व्यवहार सुरू केले. सरकारी संकेतस्थळांवर लोक आले ते बँकेची सवय लागल्यामुळे, याकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होते.

धोरणाचा खरा कणा मात्र कायद्यात आहे. २००० च्या कायद्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकेच मोल दिले. २००२ पासून चिप असलेले ओळखपत्र देण्यास सुरुवात झाली आणि ते सक्तीचे करण्यात आले. आरंभी लोकांनी त्याची थट्टाच केली : गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला बरे, एवढाच त्याचा उपयोग. या पत्राला दोन पिन असतात. चार आकडी पिनने ओळख पटते, पाच आकडी पिनने सही होते. आपल्या आधारप्रमाणे बोटाचा ठसा देऊन ओळख पटवण्याचा प्रकार इथे नाही. अकरा आकडी ओळखक्रमांकावरून जन्मतारीख सरळ वाचता येते आणि तो गुप्त ठेवण्याचा खटाटोपही कोणी करत नाही. क्रमांक म्हणजे नाव, पिन म्हणजे किल्ली, असा हा हिशोब आहे.

डिसेंबर २००१ मध्ये सुरू झालेला ‘एक्स-रोड’ हा माहितीचा कोठार नसून कोठारांमधला रस्ता आहे. प्रत्येक खाते आपली माहिती आपल्याकडेच ठेवते आणि गरजेपुरती दुसऱ्याला देते. नागरिकाने एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये, हे त्यामागचे तत्त्व. तोच दाखला चार टेबलांवर चार वेळा जोडलेल्या वाचकाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. आपली नोंद कोणी पाहिली हेही नागरिकाला तपासता येते.

इंटरनेटवरून मतदान २००५ च्या स्थानिक निवडणुकीत सुरू झाले. तेव्हा दोन टक्क्यांहून कमी मतदारांनी ते वापरले, तर २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते या मार्गाने आली. दडपणाखाली दिलेले मत नंतर बदलता येते आणि शेवटचेच धरले जाते. तरीही या मतदानाच्या सुरक्षिततेवर संगणकतज्ज्ञांचे आक्षेप कायम आहेत.

उद्योगाच्या बाजूने इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देणाऱ्या स्काइपचे नाव येते. संस्थापक स्वीडन व डेन्मार्कचे, पण प्रणाली लिहिली तालिनच्या अभियंत्यांनी. २००५ मध्ये ईबे या अमेरिकी कंपनीने स्काइप विकत घेतल्यावर हाती आलेला पैसा आणि अनुभव नव्या कंपन्यांत उतरला. पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या वाइजचा एक संस्थापक स्काइपमधूनच आलेला. परदेशी व्यक्तीला एस्टोनियात न राहता तिथे कंपनी चालवता यावी म्हणून २०१४ मध्ये ‘ई-निवास’ सुरू झाला. त्याने नागरिकत्व किंवा व्हिसा मिळत नाही.

सगळे जाळ्यावर आणण्याची जोखीम २००७ मध्ये दिसली. रशियाचा विरोध डावलून तालिनमधील सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा हलवल्यानंतर बँका, वृत्तपत्रे आणि मंत्रालये यांच्या संकेतस्थळांवर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी नाटोचे सायबर संरक्षण केंद्र तालिनमध्ये आले. २०१७ मध्ये ओळखपत्रांच्या चिपमध्येच दोष सापडला. सुमारे साडेसात लाख पत्रांना त्याचा फटका बसला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची ओळख व सही चालवणारी डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. त्याच वर्षी लक्झेंबर्गशी करार करून तिथे ‘डेटा दूतावास’ उभारण्याचे ठरले. महत्त्वाच्या सरकारी नोंदींच्या प्रती तिथल्या सर्व्हरवर असतात आणि त्या जागेला दूतावासासारखेच संरक्षण आहे. १९४० मध्ये सोव्हिएत संघाच्या ताब्यात जाऊन भूमी गमावलेल्या या देशाने, पुन्हा तशी वेळ आली तरी जमिनीचे उतारे आणि नागरिकांची यादी आपल्याच हाती राहावी, अशी ही सोय करून ठेवली आहे.