कृष्णधवल फिल्मच्या डेव्हलपरची तुलना

कॅमेऱ्यात प्रकाश लागलेल्या फिल्मवर सुप्त प्रतिमा उमटते. ती डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर हे रासायनिक द्रावण प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडचे काळ्या चांदीत रूपांतर करते आणि निगेटिव्ह तयार होते. डेव्हलपर निवडताना बारीक ग्रेन (चित्रात दिसणारा चांदीचा रवाळपणा), कडांची तीक्ष्णता आणि फिल्मचा स्पीड (प्रकाशाची संवेदनक्षमता) यांपैकी काहीतरी थोडे सोडावेच लागते.

तुलनेसाठी सहसा कोडॅकचा डी-७६ पायाभूत धरतात. १९२७ मधल्या या सूत्रात एक लिटर द्रावणासाठी मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम लागते. खरी मेख या सल्फाइटमध्ये आहे. ते द्रावणाला हवेपासून जपते, शिवाय एवढ्या प्रमाणात सिल्व्हर हॅलाइडच्या कणांच्या कडाही किंचित विरघळवते. त्यामुळे ग्रेन मऊ दिसतो. तेवढेच पाणी मिसळले (१+१), की सल्फाइट निम्म्यावर येते, ग्रेन जरा उठून दिसतो आणि तपशील तीक्ष्ण होतो. इल्फर्डचा आयडी-११ जवळपास हाच. त्यात एचपी५ प्लस फिल्मला २० अंश सेल्सिअसला मूळ द्रावणात साडेसात मिनिटे लागतात, तर १+१ मध्ये १३.

आग्फाचा १८९१ सालचा रोडिनाल अगदी दुसऱ्या टोकाचा. पॅरा-अमिनोफिनॉलवर आधारलेले हे दाट द्रावण १+५० प्रमाणात वापरले, तर अर्ध्या लिटरला जेमतेम १० मिलिलिटर पुरते. ग्रेन लपवणे याच्या स्वभावात नाही. १+१०० करून टाकी फार न हलवता ठेवली, तर उजळ आकाशाच्या भागातला डेव्हलपर लवकर थकतो, शेजारच्या काळ्या फांदीच्या भागातला ताजाच राहतो. सीमेवरच्या या देवघेवीमुळे फांदीची कड कोरल्यासारखी दिसते. मोठ्या आकाराच्या फिल्मवर हे विलक्षण सुंदर दिसते. ३५ मिलिमीटरच्या वेगवान फिल्मवर मात्र ग्रेन डोळ्यांत खुपतो.

कोडॅकचा एक्सटॉल (१९९६) आयसोअॅस्कॉर्बेटवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या जवळच्या संयुगाच्या क्षारावर चालतो. तो ग्रेन बारीक ठेवून सावलीतला तपशीलही चांगला राखतो. सर्वसाधारण कामासाठी तिघांत हाच उजवा.

तुलनेत बहुतेक चुका कॉन्ट्रास्टपाशी, म्हणजे उजळ आणि गडद भागांतल्या फरकापाशी होतात. एक निगेटिव्ह जास्त वेळ डेव्हलप झाली, तर ती नुसत्या कॉन्ट्रास्टमुळेच तीक्ष्ण आणि जाड ग्रेनची वाटते, आणि श्रेय किंवा दोष डेव्हलपरच्या माथी जातो. म्हणून एकाच रोलचे तुकडे, तेच दृश्य, तेच एक्सपोजर घ्यावे आणि दोन्हींचा कॉन्ट्रास्ट डेन्सिटोमीटरवर (फिल्मचा काळेपणा मोजणाऱ्या यंत्रावर) जुळेपर्यंत डेव्हलप करण्याची वेळ बदलत राहावे. मगच सारख्या आकाराचे प्रिंट शेजारी ठेवावेत.

टिकाऊपणाही तुलनेत धरायला हवा. रोडिनाल गडद तपकिरी झाला तरी वर्षानुवर्षे काम देतो. एक्सटॉल मात्र रंग न बदलताच निकामी होऊ शकतो. त्यामुळे रोल टाकीत घालण्यापूर्वी फिल्मच्या टोकाचा कापलेला तुकडा उजेडातच द्रावणात बुडवून पाहावा. काही मिनिटांत तो काळा पडला नाही, तर ते द्रावण वापरू नये.