दूरचित्रवाणीवरील चमत्काराचे दावे : शासकीय नियमन

धार्मिक वाहिन्यांवरून आणि प्रायोजित कार्यक्रमांतून दैवी शक्ती, चमत्काराने रोगमुक्ती किंवा 'सिद्ध' वस्तूंचे गुण यांविषयी जे दावे होतात, त्यांवर शासनाने घातलेली बंधने. भारतात ती मुख्यतः केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये आहेत. (कायदा १९९५ चा असूनही नियम आधीचे दिसतात, कारण सुरुवात अध्यादेशाने झाली.) नियम ६, म्हणजे कार्यक्रम संहिता, अंधश्रद्धेला उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई करते. नियम ७, म्हणजे जाहिरात संहिता, अधिक नेमका आहे : सिद्ध करणे अवघड असा चमत्कारिक किंवा अलौकिक गुण वस्तूत असल्याचे जाहिरातीतून सूचितही होता कामा नये.

महाराष्ट्रात याला जादूटोणाविरोधी कायद्याची जोड मिळाली. या कायद्यासाठी झटणारे अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा त्यात गुन्हा असून शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. अशा कृत्यांच्या प्रचारालाही मनाई आहे, आणि 'प्रचार' या शब्दाच्या व्याख्येत जाहिरातीचाही समावेश आहे.

हाच धागा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये पकडला. प्रकरण होते दूरचित्रवाणीवरून विकल्या जाणाऱ्या 'हनुमान चालिसा यंत्रा'चे. यंत्र घेतल्याने धंद्यात बरकत येते, बढती मिळते, आजार बरा होतो, अशा स्वरूपाच्या जाहिराती या कायद्याच्या कलम ३ नुसार बेकायदा असल्याचे न्यायालयाने जाहीर केले. देवाचे वा बाबाचे नाव वस्तूला दिल्याने सूट मिळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत कक्ष उभारण्याचे आदेशही निघाले.

हा कायदा धर्माच्या विरोधात आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो चुकीचा आहे. वारी, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना कायद्यातच अपवाद केले आहे. इंद्रायणीत बुडालेली गाथा तरल्याची कथा कीर्तनकाराने वाहिनीवर खुशाल सांगावी. तिच्या नावावर ताईत विकला की प्रश्न उभा राहतो.

नायजेरियाच्या प्रसारण आयोगाने २००४ मध्ये पडताळणी न झालेले चमत्कार दाखवण्यास बंदी घातली. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेची संहिता, जिवंत व्यक्तीच्या विशेष शक्तीचे दावे तटस्थपणे मांडावेत आणि मुले पाहत असतील अशा वेळी दाखवू नयेत, असे सांगते.

भारतातील खरी उणीव अंमलबजावणीत आहे. प्रसारणापूर्वी तपासणी नसते. २०२१ च्या त्रिस्तरीय व्यवस्थेत प्रेक्षकाने आधी वाहिनीकडेच तक्रार करायची, तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा, समाधान न झाल्यास स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे जायचे. तोवर जाहिरात घरोघरी पोहोचलेली असते, आणि आजारपणात यंत्र विकत घेतलेला माणूस लाजेपोटी सहसा तक्रारच करत नाही.