मोटर वाइंडिंगमधील ऊर्जाव्यय आणि उष्णतेचे मॉडेल

विद्युत मोटरला दिलेल्या विजेपैकी काही भाग शाफ्टपर्यंत पोचतच नाही. तो तारेत आणि गाभ्याच्या पोलादी पत्र्यांत उष्णता होऊन जातो. हा व्यय किती आणि त्याने वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, किती तापेल, याचा आगाऊ हिशेब म्हणजे हे मॉडेल. बेळगाव सीमाभागात त्याची गरज दर उन्हाळ्यात दिसते. कृष्णा, घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय यांच्या काठचा ऊस मोटरीच्या पाण्यावर उभा असतो, आणि ऐन पाळीच्या दिवशी मोटर जळाली की निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी ती गाडीत घालून वाइंडिंगच्या दुकानाची वाट धरतो. जळते ते तांबे नव्हे. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. जळते ते तारेवरचे इन्सुलेशन. त्याचे उष्णता सोसण्याप्रमाणे वर्ग असतात. मर्यादा ‘बी’ वर्गात 130 अंश, ‘एफ’मध्ये 155 आणि ‘एच’मध्ये 180. या मर्यादेच्या वर दर 10 अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

कॉपर लॉस, म्हणजे तांब्याच्या तारेतला ऊर्जाव्यय, करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सुरू होताना मोटर सहापट करंट घेत असेल, तर त्या क्षणी तारेतली उष्णता 36 पट असते. शिवाय तांब्याचा रोध (रेझिस्टन्स) दर अंशाला सुमारे 0.39% वाढतो. 25 अंशांवरची तार 115 अंशांवर गेली, की तेवढ्याच करंटला लॉस सुमारे 35% जास्त होतो. लॉस वाढला की ताप वाढतो, ताप वाढला की पुन्हा रोध. म्हणून विजेचे आणि उष्णतेचे गणित वेगवेगळे सोडवून भागत नाही. आकडे स्थिरावेपर्यंत एकाचे उत्तर दुसऱ्यात घालत राहावे लागते.

50 हर्ट्झला तांब्यात करंट सुमारे 9 मिलिमीटर खोल शिरतो, त्यामुळे पंपाच्या बारीक तारेत स्किन इफेक्ट, म्हणजे करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकणे, धरण्याचे कारण नाही. विजेवरच्या गाड्यांच्या मोटरीत मात्र फ्रिक्वेन्सी 1000 हर्ट्झच्या घरात जाते, ही खोली 2 मिलिमीटरवर येते, आणि स्लॉटच्या (तारा बसवायच्या खाचेच्या) तोंडाजवळच्या जाड चपट्या तारा शेजारच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जास्त तापतात. पत्र्यांतल्या आयर्न लॉससाठी, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने होणाऱ्या व्ययासाठी, विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने 1892 मध्ये मांडलेले सूत्र सुधारून आजही वापरतात.

खरी अडचण पुढे आहे. उष्णतेचे मॉडेल सर्किटसारखेच मांडतात: तापमान म्हणजे व्होल्टेज, उष्णतेचा ओघ म्हणजे करंट आणि वाटेतला प्रत्येक थर म्हणजे एक रोध. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॅट प्रति मीटर-केल्विन, वार्निशची 0.2, हवेची जेमतेम 0.026. म्हणजे तारांमधल्या फटींत वार्निश भरले की हवा राहिली, यावर सगळे अवलंबून. कॉम्प्युटरवर चुंबकीय क्षेत्र कितीही बारकाईने काढले, तरी मोटरचे तापमान बरेचसे या न दिसणाऱ्या फटी ठरवतात. घाईत वरवर वार्निश फासून दिलेली मोटर पुन्हा दुकानात येते, याचे कारण इथेच आहे.

जळालेले वाइंडिंग वाचता येते. स्टार जोडणीतले (तिन्ही फेजचे एकेक टोक एकत्र जोडलेले) दोन फेज काळे आणि एक तांबूस-चकचकीत राहिला असेल, तर चालू मोटरचा एक फेज गेला होता. डेल्टा (तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेले) असेल, तर एकच फेज काळा दिसतो. सगळीच गुंडाळी सारखी करपली असेल, तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा थंडावा तुटणे. फेजमधल्या व्होल्टेजचा असमतोलही हलका घेऊ नये: 3% असमतोलाने तापमानवाढ सुमारे 18% जास्त होते. जुनी तार काढण्यासाठी स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) उघड्या जाळावर भाजला, तर पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि आयर्न लॉस कायमचा वाढतो. हे नुकसान नव्या तारेने भरून निघत नाही.

बोअरच्या पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटरीचे मॉडेल निराळे. तिच्या तारेवरचे पीव्हीसी साधारण 70 अंशांपर्यंतच टिकते, आणि उष्णता नेते ते मोटरच्या अंगावरून वर जाणारे पाणी. एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाऊन पंप हवा ओढू लागला, की हा ओघच थांबतो. ड्राय-रन (पाण्याविना चालणे) संरक्षण असलेला पॅनेल म्हणूनच लावावा.

मॉडेल पडताळण्याची सोपी रीत म्हणजे वाइंडिंगचा रोध थंड असताना आणि मोटर बंद केल्याबरोबर मोजणे. त्यातून सरासरी तापमान मिळते. सर्वांत गरम जागा त्याहून वर असते. म्हणून ‘एफ’ वर्गाचा हिशेब 40 अंश भोवतालचे, 105 वाढीचे आणि 10 त्या जागेसाठी असा मांडतात. हे आकडे समुद्रसपाटीपासून 1000 मीटर उंचीपर्यंत चालतात. बेळगाव सुमारे 750 मीटरवर असल्याने विरळ हवेसाठी काही वजा करावे लागत नाही. मात्र पत्र्याच्या बंद खोलीत दुपारी भोवतालचे 40 अंश सहज ओलांडले जातात, आणि तेवढे अंश थेट वाढीच्या वाट्यातून कापावे लागतात. खोलीला समोरासमोर दोन झरोके ठेवले आणि मोटरच्या पंख्यामागे वीतभर जागा मोकळी सोडली, तर ते बरेचसे वाचतात.