स्वयंचलित सिद्धता

एखादे विधान दिलेल्या गृहीतकांपासून तर्कशास्त्राच्या नियमांनुसार निष्पन्न होते, हे संगणकाकरवी दाखविण्याच्या पद्धतींना व त्यांच्या अभ्यासाला स्वयंचलित सिद्धता म्हणतात. संगणकाने सिद्धता स्वतः शोधणे आणि माणसाने रचलेली सिद्धता त्याने पायरीपायरीने तपासणे, या विषयाच्या दोन शाखा दीर्घकाळ बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वाढल्या.

विषयाचा प्रारंभ कोठे मानावा, याबाबत एकमत नाही. हा मान बहुधा ॲलन न्यूएल, हर्बर्ट सायमन व क्लिफ शॉ यांच्या ‘लॉजिक थिअरिस्ट’ (१९५६) या आज्ञावलीला दिला जातो. गणिताची उभारणी तर्कशास्त्रावर करू पाहणाऱ्या, व्हाइटहेड व रसेल यांच्या प्रिन्सिपिआ मॅथेमॅटिका या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ तिने सिद्ध केली. परंतु मार्टिन डेव्हिस यांनी १९५४ मध्येच प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेच्या संगणकावर प्रेसबर्गर यांची निर्णयपद्धती उतरविली होती. ही पद्धती नैसर्गिक संख्यांच्या केवळ बेरजेविषयीचे कोणतेही विधान खरे की खोटे, हे ठरविते. डेव्हिस यांच्या आज्ञावलीने मात्र ‘दोन सम संख्यांची बेरीज सम असते’ याच्या फारसे पुढे मजल मारली नाही. हे केवळ त्या काळच्या यंत्राचे दौर्बल्य नव्हते. अशा कोणत्याही पद्धतीला प्रतिकूल प्रसंगी लागणारा वेळ विधानाच्या लांबीच्या द्विघातांकी प्रमाणात (घातांकाच्याही घातांकात लांबी येईल इतक्या वेगाने) वाढतो, असे फिशर व रेबिन यांनी १९७४ मध्ये दाखविले. कालक्रमाने डेव्हिस यांचा अग्रक्रम मान्य करावा लागतो. माणसाच्या अटकळींचे अनुकरण करून शोधाची व्याप्ती आवरण्याची कल्पना मात्र न्यूएल व सायमन यांच्याकडूनच कृत्रिम बुद्धिमत्तेत रुजली. तिला पहिला सबळ आक्षेप हाओ वांग यांनी घेतला. त्यांच्या शुद्ध तार्किक आज्ञावलीने प्रिन्सिपिआतीलच विधान तर्कशास्त्राची (‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडलेल्या विधानांच्या तर्कशास्त्राची) दोनशेहून अधिक प्रमेये काही मिनिटांत सिद्ध केली.

ॲलन रॉबिन्सन यांच्या रेझोल्यूशन नियमाने (१९६५) हे क्षेत्र पालटले. ‘पाऊस पडला किंवा रस्ता कोरडा आहे’ आणि ‘पाऊस पडला नाही किंवा सामना रद्द झाला’ या दोन विधानांतून परस्परविरोधी घटक गाळले की ‘रस्ता कोरडा आहे किंवा सामना रद्द झाला’ हे विधान उरते. सिद्ध करावयाच्या विधानाचा निषेध गृहीतकांत मिळवून हाच नियम पुनःपुन्हा लावीत विसंगतीपर्यंत पोहोचणे, एवढीच ही रीत आहे. विधान निष्पन्न होत असेल तर विसंगती केव्हा तरी सापडतेच. होत नसेल तर यंत्र थांबेलच याची हमी नाही, आणि चर्च व ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या निष्कर्षांमुळे ही मर्यादा कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाही. प्रोलॉग ही आज्ञावली-भाषा याच विचारातून निघाली.

१९९६ मध्ये विल्यम मॅक्यून यांच्या आज्ञावलीने रॉबिन्स यांचे बीजगणितातील अनेक दशके अनिर्णित राहिलेले अनुमान सिद्ध केले. तपासणीच्या शाखेत २०१३ मध्ये सुरू झालेली ‘लीन’ ही प्रणाली आज विशेष प्रचलित आहे. पीटर शोल्झे यांनी २०२० च्या अखेरीस स्वतःच्याच एका अवघड प्रमेयाची तपासणी करण्याचे आवाहन केले आणि जुलै २०२२ मध्ये ते काम लीनमध्ये पुरे झाले.

सध्याचे संशोधन या दोन्ही शाखा जोडू पाहते. भाषा-प्रारूपे, म्हणजे विपुल मजकुरावरून शिकून नवा मजकूर रचणाऱ्या संगणक-प्रणाली, सिद्धतेच्या पायऱ्या सुचवितात, परंतु सुबक भाषेत चुकीचा युक्तिवादही करतात. त्यामुळे प्रत्येक पायरी लीनसारख्या प्रणालीकडून तपासून घेण्याची रचना अधिक विश्वसनीय वाटते. गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फाप्रूफ’ने ‘अल्फाजॉमेट्री २’च्या साहाय्याने २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील सहापैकी चार प्रश्न सोडवून ४२ पैकी २८ गुण मिळविले, म्हणजे रौप्यपदकाची पातळी गाठली. त्यावेळी प्रश्नांचे आकारिक (यंत्राला तपासता येईल अशा काटेकोर) भाषेतील रूपांतर माणसांनी केले होते आणि काही उत्तरांना स्पर्धकांच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक, तीन दिवसांपर्यंत, अवधी लागला, हे लक्षात घेतले पाहिजे. हे रूपांतर यंत्राकडून निर्दोष करवून घेणे हा सध्याचा कळीचा प्रश्न होय, कारण तपासणी-प्रणाली लिहिलेल्या विधानाच्या सिद्धतेची ग्वाही देते. गणितज्ञाला अभिप्रेत असलेले विधान तेच आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही.