कंडोमची समन्यायी उपलब्धता

एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी ज्याला कंडोमची गरज आहे, त्याला तो परवडेल अशा रीतीने, मान खाली न घालता आणि शिक्षेच्या भीतीविना मिळावा, हे समन्यायी उपलब्धतेचे सार्वजनिक आरोग्यातील तत्त्व. दर वेळी आणि नीट वापरल्यास स्त्री-पुरुष संबंधांतून होणारा एचआयव्हीचा संसर्ग कंडोममुळे सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. १९९० नंतर वाढलेल्या वापरामुळे जगभरात ११.७ कोटी नवे संसर्ग टळले, असा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचा अंदाज आहे.

फुकट वाटप म्हणजे समन्यायी उपलब्धता नव्हे. आरोग्यकेंद्रात खोकी भरलेली असली, तरी वयात आलेली अविवाहित मुलगी तिथे मागायला जाईलच असे नाही. समोरची नजर हीच तिला पुरेशी अडवते. शिवाय नेहमीचा कंडोम घालायचा की नाही हे बहुधा पुरुषच ठरवतो. स्त्रीने स्वतः वापरायचा कंडोम १९९० च्या दशकात बाजारात आला तो याच अडचणीवरचा उपाय म्हणून, पण त्याची किंमत पुरुषांच्या कंडोमच्या कितीतरी पट राहिल्याने गरज असलेल्या बहुतेकींपर्यंत तो पोहोचलाच नाही. वंगणाची, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या निसरड्या पदार्थाची, अशीच उपेक्षा होते. गुदमैथुनात ते नसेल तर कंडोम फाटण्याचा धोका वाढतो, आणि घरातले तेल वापरले तर कंडोमचे रबर, म्हणजे लॅटेक्सच, कमकुवत होते. म्हणून पाण्यावर आधारित वंगण कंडोमसोबतच द्यावे लागते.

थायलंडमध्ये १९८९ साली राचबुरी प्रांतात कुंटणखान्यांमध्ये कंडोमची सक्ती झाली व १९९१ पासून ती देशभर लागू केली गेली. सगळीकडे एकच नियम असल्याने नकार मिळालेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या कुंटणखान्यात जाऊन उपयोग नव्हता. युक्ती साधी होती आणि नवे संसर्ग झपाट्याने घटले. मात्र तपासण्यांचा आणि पोलिसी देखरेखीचा भार गिऱ्हाइकांवर नव्हे, देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर पडला, ही टीका रास्तच आहे.

कायद्याचा अडसर सर्वांत चमत्कारिक. अनेक शहरांत पोलिसांनी पर्समधले कंडोम वेश्याव्यवसायाचा पुरावा म्हणून जप्त केले. अमेरिकेतील न्यूयॉर्कही त्याला अपवाद नव्हते. एक सरकारी खाते कंडोम वाटते आणि दुसरे तेच बाळगल्याबद्दल पकडते, तेव्हा बायका कंडोम जवळ ठेवणेच सोडून देतात. तुरुंगांत तर प्रश्न मुळातच नाकारला जातो. कैद्यांना कंडोम द्यावेत असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच सुचवले होते. तरीही ‘आत असे काही घडत नाही’ या सबबीवर बऱ्याच देशांतील तुरुंग प्रशासने ते देत नाहीत, आणि सुटून आलेला कैदी आत झालेला संसर्ग नकळत घरी घेऊन जाऊ शकतो.